उभ्यानं वाचलेलं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्याला टेकून मी बसलेला असतो. माझा मूळचा रंग पांढरा. आता तो कडेकडेनं उडालाय आणि खालचं लोखंड डोकावतं. पोटात एक स्प्रिंग, डोक्यावर रुंद पारडं आणि छातीवर काचेआड एक गोल तबकडी, असा माझा सगळा संसार. तबकडीवर शून्य अगदी वर आहे, अडीच किलो अगदी तळाशी आणि पाच किलो फिरून पुन्हा वर. मला काटा म्हणतात आणि माझ्या तबकडीवर फिरणाऱ्या लाल सुईलाही काटाच म्हणतात. पायात रुततो तोही काटाच. आपल्या भाषेत या शब्दाला फार कामं आहेत.

माझा जन्म कारखान्यातला. तारेचं एक लांब वेटोळं माझ्या पोटात बसवलं गेलं आणि एका तपासनीस बाईंनी माझ्या पारड्यावर पितळी वजनं ठेवायला सुरुवात केली. एक ठेवलं, काटा थोडा फिरला. दोन ठेवली, दुप्पट फिरला. दुप्पट ओझं, दुप्पट ताण. हा एकच नियम मला येतो आणि तो मी आजवर मोडलेला नाही. बाईंनी काचेवर टिचकी मारली, काटा थरथरला आणि पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला. "पास," त्या म्हणाल्या आणि मला खोक्यात घातलं. माझं शिक्षण तेवढंच.

दुकानातून मला घेऊन आली ती धाकटी. तिचं हे नाव नव्हे. तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, तिला 'धाकटे' अशी हाक मारते, म्हणून मीही तिला धाकटीच म्हणतो. धाकटी घरी ब्रेड आणि केक करायची आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानाला द्यायची. तिचा नवरा कापडाच्या दुकानात कापड मोजून देतो. तो बांबूसारखा उंच आहे आणि त्याच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आहे. मी घरी आलो त्या दिवशी ताई म्हणाली होती, "एक मोजतो, एक तोलते. निदान भांडाल तरी मापात."

ती वर्षं सुखाची होती. धाकटी टेबलाशी स्टूल ओढून बसायची, मला समोर घ्यायची आणि पीठ हळूहळू सोडायची. काटा रेघेशी आला की तिचा हात आपोआप थांबायचा. साखर, लोणी, पुन्हा पीठ. मधेच ती गुणगुणायची. काम संपलं की ओल्या फडक्यानं माझं पारडं पुसायची, मग कोरड्या फडक्यानं. चहावाला म्हणायचा, "वहिनी, तुमच्या ब्रेडचा आकार रोज सारखा कसा काय येतो?" धाकटी म्हणायची, "काट्याला विचारा." माझी स्प्रिंग तेव्हा जरा जास्तच ताठ व्हायची.

मग एका वाढदिवसाला नवऱ्यानं तिला विजेवर चालणारा नवा काटा आणून दिला. काचेचा, पातळ, ग्रॅम न् ग्रॅम दाखवणारा. मला माळ्यावर ठेवलं. मित्रांनो, माळ्यावरच्या दिवसांबद्दल मी फार सांगणार नाही. पारड्यावर धूळ बसत गेली आणि त्या धुळीला काही वजन नव्हतं, म्हणजे माझ्याजोगं नव्हतं. काटा शून्यावरच राहिला.

मला खाली आणलं गेलं, ते एका चिमुकल्या मुलीमुळे.

धाकटीला मुलगी झाली ती वेळेच्या बरीच आधी. कितीतरी दिवस ती मुलगी दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. नाकात नळी होती, त्या नळीतून दूध जायचं आणि धाकटी काचेला तळहात लावून बाहेर उभी राहायची. घरी आणली तेव्हाही ती इतकी लहान होती की ताईनं तिला उचललं आणि म्हणाली, "अगं, ही मुलगी आहे की छटाक?" तेव्हापासून घरात ती छटाकबाईच झाली.

तपासणीला येणाऱ्या नर्सला सगळे सिस्टर म्हणत. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी आपल्या पिशवीतला काटा काढून छटाकबाईचं वजन केलं आणि शांतपणे सांगितलं, "दोन आठवड्यांनी पुन्हा येते. वजन नीट वाढलं पाहिजे. नाही वाढलं, तर पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागेल."

"पुन्हा नळी?" धाकटीनं विचारलं.

"लागली तर नळी."

सिस्टर गेल्या आणि धाकटीनं माळ्याला शिडी लावली. नवा काटा तिनं आधी वापरून पाहिला होता. त्याची काच बशीएवढी, त्यावर मूल मावेना. त्यात छटाकबाईनं पाय झाडले की आकडे उड्या मारायचे आणि मग तो काटा आपोआप बंद होऊन झोपून जायचा. माझं पारडं मात्र रुंद होतं. धाकटीनं मला घासूनपुसून ओट्यावर ठेवलं, पारड्यात मऊ टॉवेल घातला, बुडाजवळचा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला आणि मुलीला अलगद माझ्यावर ठेवलं.

इतकी वर्षं मी पीठ आणि साखर तोलली. पीठ श्वास घेत नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच माझा काटा एका जागी उभा राहीना. छटाकबाईच्या श्वासाबरोबर तो किंचित हलत राहिला.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. सकाळी धाकटी वजन करायची. संध्याकाळी दुकानातून आल्यावर, हातपाय धुऊन, नवरा करायचा. एक जण वजन करत असताना दुसरा बाटल्या उकळत असायचा नाहीतर लंगोट वाळत घालत असायचा. सकाळचा आकडा आदल्या संध्याकाळपेक्षा नेहमी चांगलाच जास्त असायचा. "ही रात्रीची वाढते," नवरा म्हणाला. "दिवसा जरा उतरते, रात्री भरून काढते."

"भोपळ्याच्या वेलासारखी," ताई म्हणाली. ती मदतीला येऊन राहिली होती.

पण काटा तबकडीच्या तळाशी आला आणि पलीकडे डावीकडे वर चढायला लागला, तसं सगळं उलटं झालं. आता सकाळचा आकडा आदल्या संध्याकाळपेक्षा कमी दिसायला लागला. रोजच.

"रात्रीत उतरते ही," धाकटी म्हणाली. "रात्री काहीतरी चुकतंय."

आणि ती रात्री मुलीला पुन्हा पुन्हा उठवून पाजायला लागली. झोपेतून उठवलेली छटाकबाई रडायची, धड प्यायची नाही. मग धाकटी पाजण्याआधी वजन करायची आणि पाजल्यावर पुन्हा करायची. मित्रांनो, माझ्या दोन बारीक रेघांमध्ये पंचवीस ग्रॅमचं अंतर आहे. दोन घोट दूध म्हणजे त्या अंतराचा एक तुकडा. इतक्या लहान प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नसतं. पण धाकटी विचारत राहिली. काटा हलला नाही की तिच्या हातांना कंप सुटायचा. तो कंप टॉवेलमधून मला कळायचा, आणि छटाकबाईलाही कळत असणार, कारण ती आणखी रडायची.

घराकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. वाळलेल्या कपड्यांचा ढीग खुर्चीवर बसला आणि माणसं उभी राहायला लागली. बेसिनमध्ये भांड्यांवर भांडी चढली. धाकटी ओट्याशी उभी राहून दोन बिस्किटं पाण्याबरोबर गिळायची आणि त्याला जेवण म्हणायची. ताई स्वयंपाक करायची, वाढायची, ताट झाकून ठेवायची. संध्याकाळी तेच ताट काढून स्वतः खायची.

"तू नीट बघत नाहीस," एकदा नवरा म्हणाला. "काल संध्याकाळी मी स्वतः पाहिलंय. चांगली वाढली होती."

"मी नीट बघत नाही?" धाकटी वळली. "दिवसभर दुसरं काय करते मी? तू आधी चष्मा पूस."

"चष्मा पुसलेलाच आहे."

"मग डोळे पूस."

तो रागावला की त्याला बोलता येत नाही, नुसता हातातल्या कापडाची घडी करत बसतो. त्या दिवशी त्यानं एकच लंगोट इतक्या वेळा घडी केला की तो शेवटी रुमालाएवढा झाला.

सिस्टर यायला आता थोडेच दिवस राहिले होते. एका दुपारी ताई स्वयंपाकघरात फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. आतल्या खोलीत धाकटीचा डोळा लागला होता, म्हणून ताईनं आवाज खाली केला होता. पण ताईचा खालचा आवाज म्हणजे इतरांचा वरचा आवाज.

"खरं दुखणं वेगळंच आहे गं," ती सांगत होती. "या घरातला काटा आधी काढला पाहिजे. त्याला बघितलं की धाकटीचं तोंड उतरतं. सकाळ झाली की त्याच्यापुढे उभी, संध्याकाळ झाली की त्याच्यावरून भांडण. जुनं खोड आहे, गंजलंय, पण ही त्यालाच धरून बसलीय. एक दिवस उचलते आणि माळ्यावर टाकते. नाहीतर भंगारात देते. काय मिळतील ते मिळतील."

त्याच वेळी धाकटीचा नवरा दारात उभा होता. त्या दिवशी तो लवकर सुटला होता. हातात भाजीची पिशवी होती. मला तो दिसत होता, ताईची पाठ होती. 'जुनं खोड' ऐकल्यावर त्यानं पिशवी हळूच खाली ठेवली. 'भंगारात' ऐकल्यावर त्यानं चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी तेव्हा बोललो असतो. अरे बाबा, ते तुला नाही, मला म्हणतेय! पण माझ्याकडे एक काटा आहे आणि त्याला फक्त आकडे दाखवता येतात.

संध्याकाळच्या जेवणाला तो बसला, पण घास घेईना. शेवटी ताटाकडे बघतच म्हणाला, "ताई, माझी अडचण होत असेल तर मला तोंडावर सांगा. मी दुकानात राहीन थोडे दिवस. मागे जागा आहे."

ताईचा हात भांड्यात थांबला. "कसली अडचण?"

"मी दुपारी ऐकलं. काटा काढायचं म्हणत होतात."

ताई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडे. "जावईबुवा," ती म्हणाली, "तुम्हाला मी माळ्यावर टाकणार? मावाल तरी का तिथे? पाय बाहेर लोंबतील."

त्याला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. तो माझ्याकडे बघून हसला, आधी नाकातल्या नाकात आणि मग मोठ्यानं. "आणि भंगारात काय मिळतील ते मिळतील, हेही याच्याबद्दलच?"

"तुमचे कुणी काही देणार नाही हो."

त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं. पण धाकटी हसली नाही. ती उठली आणि ओट्याशी, माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"ताई, काट्याला हात लावायचा नाही."

"धाकटे, अगं..."

"हात लावायचा नाही म्हणते ना! उद्या नाहीतर परवा सिस्टर येईल आणि घेऊन जाईल हिला. तोवर मला कळत तरी राहू दे. तू नव्हतीस तिथे काचेबाहेर. तुला काय माहीत?"

नवऱ्यानं ताट बाजूला सारलं. ताईनं धाकटीचं ताट नेहमीसारखं झाकून ठेवलं.

सकाळी फोन आला. सिस्टर दुसऱ्या दिवशी येणार होत्या. धाकटीनं लगेच मुलीला पारड्यात ठेवलं. ओट्याशी उभी राहून, एक हात मुलीच्या पोटाजवळ धरून, ती वरून वाकून बघत राहिली. आकडा आदल्या संध्याकाळहून कमी. तिनं मुलीला उचललं, पुन्हा ठेवलं. तोच आकडा. तिसऱ्यांदा ठेवायला गेली, तेव्हा ताईनं मधे हात घालून छटाकबाईला सरळ स्वतःकडे घेतलं.

"आता पुरे," ताई म्हणाली. या वेळी तिचा आवाज खरोखर खाली होता. "हिला मी घेते. तू मला एक ब्रेड करून दे."

"ब्रेड? आत्ता?"

"मला खावासा वाटतोय. किती दिवस झाले, या घराला ब्रेडचा वास नाही. तू करतेस की बाहेरून आणू?"

"ताई, उद्या सिस्टर..."

"उद्या उद्या आहे. आज काय करणार आहेस? उभी राहून बघत बसणार? बघून वजन वाढत असतं ना, तर मी आरशापुढे गेलेच नसते."

धाकटी तिथेच उभी राहिली. माझ्यापुढे, रिकाम्या हातांनी. हात रिकामे असले की काय करायचं हे ती त्या दोन आठवड्यांत विसरून गेली होती. बेसिनमध्ये भांडी होती. ब्रेडचा साचा सगळ्यात खाली होता, म्हणून आधी वरची भांडी काढावी लागली. ती काढली, म्हणून घासावी लागली. तिनं पाणी कोमट केलं. पहिला पेला तिनं घाईघाईनं, आदळत धुतला. दुसराही. तिसऱ्याला तिचा हात जरा मंदावला. मग ताटल्या, मग पातेली. पालथ्या घातलेल्या भांड्यांवरून पाणी निथळत होतं आणि ती ते बघत होती. आतून ताईचं काहीतरी बेसूर गाणं ऐकू येत होतं, आणि रडणं ऐकू येत नव्हतं.

साचा घासून झाला. तिनं ओटा पुसला. मला पुसलं, आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. टॉवेल काढून ठेवला, शून्य लावलं, मला टेबलावर नेलं आणि पायानं स्टूल ओढून खाली बसली. बसल्यावर तिच्या तोंडून एक लांब श्वास बाहेर पडला. असा श्वास सोडण्याआधी माणसाला तो अडकलाय हेच माहीत नसतं.

तिनं पीठ सोडायला सुरुवात केली. काटा एक किलोच्या रेघेवर आला, हात थांबला. सगळं पूर्वीसारखं. यीस्टचा डबा वरच्या फळीवर होता, तो घ्यायला ती उठली आणि उठता उठता तिची नजर माझ्यावर पडली.

काटा एक किलोच्या बराच पुढे होता.

ती खाली बसली. काटा रेघेवर. उभी राहिली, काटा पुढे. पुन्हा बसली, पुन्हा उठली. मला कुणी हात लावला नव्हता, पारड्यातलं पीठ तेवढंच होतं.

ताई मुलीला खांद्यावर घेऊन दारात आली. "मी ब्रेड सांगितला होता. उठाबशा नाही."

"ताई, हा काटा उभ्यानं वेगळा दिसतो. बसून वेगळा."

मित्रांनो, यात जादू नाही. माझा काटा तबकडीला चिकटलेला नाही, त्याच्या आणि तबकडीच्या मधे करंगळीच्या नखाएवढी पोकळी आहे. तुम्ही एक डोळा मिटा, डोळ्यासमोर बोट आडवं धरा आणि मान वर-खाली करा. बोट हलत नाही, पण भिंतीवर ते ज्या खुणेसमोर दिसतं ती खूण बदलते. तसंच हे. वरून पाहिलं की माझा काटा खाली सरकल्यासारखा दिसतो. नेमका आकडा वाचायचा तर डोळे काट्याच्या समोर यावे लागतात.

धाकटीनं हे ओळखलं आणि तिचा चेहरा उजळण्याऐवजी पांढरा पडला. "म्हणजे उभ्यानं जास्त दिसतं," ती पुटपुटली. "आणि मी रोज उभ्यानंच वाचत होते. म्हणजे छटाक आहे त्याहून कमी आहे. ताई, ती आहे त्याहूनही कमी आहे."

ताई खुर्चीवरच्या कपड्यांच्या ढिगावर तशीच बसली. ओट्यावर भांड्यांचं पाणी टपटपत होतं. मला सगळं माहीत होतं आणि सांगता काहीच येत नव्हतं. दुप्पट ओझं, दुप्पट ताण, हा नियम त्या क्षणी मला पोटातून कळला.

थोड्या वेळानं धाकटी मान वर करून म्हणाली, "पण मग तो संध्याकाळी जास्त कसं वाचतो?"

"कोण?"

"हा गं. त्याला लांबचं दिसत नाही. तो वाकतो, नाक काचेला लावतो तेव्हा त्याला आकडा दिसतो. म्हणजे तो समोरून वाचतो. समोरून वाचून त्याला जास्त दिसतं आणि उभ्यानं वाचून मला कमी. हे पिठाच्या उलट आहे."

ती उठली. पिठावर साखरेची पिशवी ठेवली. मग डाळीचा डबा. मग मिठाची पुडी. काटा खाली उतरला, तळाशी गेला, तळ ओलांडून डावीकडे चढायला लागला आणि छटाकबाई असते त्या जागी येऊन थांबला. धाकटी बसली. वाचलं. मग हळूहळू उभी राहिली. काटा तिच्या नजरेला खाली सरकला. पण या बाजूला खाली सरकणं म्हणजे मागे सरकणं. उजवीकडे तबकडीवरचे आकडे उतरत जातात, डावीकडे चढत जातात. उजवीकडे उभ्यानं जास्त दिसत होतं, डावीकडे उभ्यानं कमी.

"ताई," ती म्हणाली, "ती रात्रीत कधी उतरतच नव्हती."

ताईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "हे मला काही कळलेलं नाही. पण तू म्हणतेस ना, मग ठेव की तिला पारड्यात आणि बसून बघ एकदा. काय ते कळेल."

धाकटीनं माझ्यावरचा डबा उचलला. पिशवी उचलली. पीठ परातीत ओतलं. पारडं रिकामं झालं, काटा शून्यावर आला. मी वाट बघत होतो. खरंच सांगतो, मित्रांनो, आयुष्यात कधी बघितली नव्हती एवढी वाट मी तेव्हा बघितली. तिनं ताईच्या खांद्यावरच्या मुलीकडे पाहिलं. छटाकबाईचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि एक मूठ ताईच्या वेणीला धरून होती.

"नको," धाकटी म्हणाली. "झोपलीय ती. उद्या सिस्टर बघतीलच."

आणि तिनं पिठात पाणी घातलं.

ती कणीक तिंबत राहिली. तळहातानं पुढे रेटायची, दुमडायची, वळवायची, पुन्हा रेटायची. टेबल हलायचं आणि माझा काटा शून्याच्या अल्याड-पल्याड डुलायचा. भीती गेली होती असं मी म्हणणार नाही. खरं वजन किती हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. ते दोन आठवडे मुलीला धड झोप नव्हती, आईला अन्न नव्हतं. पण तिच्या हातांचा कंप थांबला होता. कणीक फुगायला ठेवली तोवर तिनं खुर्चीवरचे कपडे उचलून घड्या केल्या. खुर्ची पुन्हा खुर्ची झाली. संध्याकाळी नवरा आला तो दारातच थबकला, वास घेत.

"आज वजन?" त्यानं हळूच विचारलं.

"आज नाही. बस आधी." तिनं त्याच्यापुढे ब्रेड ठेवला, दुसरा तुकडा स्वतः घेतला आणि त्याच्या शेजारी बसली. बसून, चावून खाल्ला. मग त्याला काट्याची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता, पारड्यात डाळीचा डबा ठेवून, वाकून माझ्या काचेला नाक लावत होता, उभा राहत होता, पुन्हा वाकत होता.

"म्हणजे माझा चष्मा बरोबर होता," तो म्हणाला.

"डोळे बिघडलेत म्हणून बरोबर होता," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. त्यांनी आपला काटा पिशवीतून काढला, टेबलावर ठेवला, वर कागद पसरला. छटाकबाईला त्यावर ठेवलं तेव्हा तिघंही टेबलाभोवती उभी होती. नवऱ्याच्या हातात एक फडकं होतं आणि त्याच्या घड्या चालू होत्या. त्या काट्यावर आकडे धावत होते, थांबत नव्हते. सिस्टर वाट बघत राहिल्या. धाकटीनं एक स्टूल ओढलं आणि बसली.

आकडे थांबले. सिस्टरनी कपाळाला आठी घालून ते वाचले, मनातल्या मनात काहीतरी वजा केलं, पुन्हा एकदा पाहिलं.

"वाढलंय," त्या म्हणाल्या. "मला आणखी थोडं आवडलं असतं. पण पुरेसं आहे. दवाखान्यात न्यायची गरज नाही."

नवऱ्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. ताईनं भिंतीला हात टेकला. धाकटी तशीच बसून राहिली, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसायची घाई केली नाही.

"रात्री उठवून पाजता का?" सिस्टरनी विचारलं.

"उठवत होते. काल नाही उठवलं. तिची ती उठली."

"तसंच करा. भूक लागली की ती सांगेल." मग सिस्टरनी धाकटीकडे निरखून पाहिलं. "मुलीचं ठीक आहे. तुमचं काय? आज काही खाल्लंत?"

"खाल्लं," धाकटी म्हणाली. "तुम्हीही बसा. घरचा ब्रेड आहे."

त्यानंतर छटाकबाई माझ्या पारड्यात पुन्हा कधी आली नाही. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. तिच्या श्वासाबरोबर हलायची काट्याला सवय झाली होती. पण तिला माझी गरज उरली नाही, यात माझंही यशच होतं. मला माळ्यावर मात्र कुणी टाकलं नाही. ताईनंच सांगितलं, "राहू दे त्याला ओट्यावर. शहाणा आहे. आपणच त्याला उभ्याउभ्या विचारत होतो." चहाच्या दुकानाला पुन्हा ब्रेड जायला लागला. काही सकाळी घरात गोंधळ असतो, दूध उतू जातं, मुलगी रडते, नवऱ्याला मोजा सापडत नाही. धाकटी चिडते, ओरडतेही. मग स्टूल ओढते, शून्य लावते आणि पीठ सोडायला लागते.

माझी स्प्रिंग आता थकत चाललीय. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं जुनं माणूस किंवा जुनी वस्तू असेल. आम्हाला आपटू नका, ओलं ठेवू नका, वापरण्याआधी शून्य तपासा आणि आकडा समोर बसून वाचा. आम्हाला जेवढं मोजता येतं तेवढंच विचारा. आणि आणखी एक करा. तुमच्या घरात जो कोणी सगळ्यांचं करतो, तो उभ्याउभ्याच दोन बिस्किटं गिळताना दिसला, तर त्याला काही समजावू नका. एक स्टूल त्याच्यापाशी सरकवा, आणि हातातलं बाळ थोडा वेळ तुमच्याकडे घ्या.